सूतभर सैल

संध्याकाळी आकांक्षा घरी आली, की सरिता तिचा उजवा पाय मांडीवर घ्यायची आणि ट्यूबच्या उजेडात घोटा फिरवून बघायची. तिथे लाल वण उठलेला असायचाच. तेल लावताना पोरगी हूं की चूं करायची नाही, भिंतीकडे बघत बसायची. सरिताला तेच जास्त लागायचं.

पाऊल जन्मापासून लुळं. चालताना उचललं जायचं नाही, म्हणून नडगीच्या मागून तळव्यापर्यंत पांढऱ्या प्लास्टिकचा आधार बांधायचा आणि त्यावर बूट चढवायचा. डॉक्टर त्याला स्प्लिंट म्हणत. घरात सगळे नुसतं ‘प्लास्टिक’ म्हणत. पाय वाढला की प्लास्टिक बदलायचं, नवं आलं की ते घोट्याला चावायचं, चावून चावून जरा सवय होते न होते तोवर पाय पुन्हा वाढलेला. बालवाडीपासून बारावीपर्यंत हेच चाललं होतं.

सरिता मूळची हट्टा गावची. वडील अमृतराव, म्हणजे आकांक्षाचे आबा, सुतारकाम करायचे, त्यांच्या भुशात खेळूनच ती मोठी झाली. पुढे डिप्लोमा केला, पुण्यात साचे बनवणाऱ्या एका कंपनीत काही वर्षं काढली. आकांक्षाच्या पायासाठी नोकरी सोडून हिंगोलीला नवऱ्याजवळ आली. आता ती घरूनच एका कारखान्यासाठी कॉम्प्युटरवर पृष्ठभाग रेखायची. टबचे, खुर्च्यांचे, फवारणीच्या पंपाच्या टाक्यांचे. गल्लीतल्या बाया म्हणत, “सरिताबाई घरी बसून बादल्या काढतात.” तीही हसून हो म्हणायची. समजावून सांगायचं त्राण कुणाला होतं!

बारावी झाली आणि आकांक्षाला वसमतच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. रोज एसटीने जायचं-यायचं ठरलं. त्याच दिवशी तिने जेवताना सांगून टाकलं, “मम्मी, या बारीला चावलं ना, तर मी प्लास्टिक घालणार न्हाई. पाय ओढत जाईन, पण घालणार न्हाई.”

“अगं पण डॉक्टर काय म्हणाले…”

“त्यांच्या घोट्याला बांधा म्हणावं एक दिवस.”

डॉक्टर काय म्हणाले होते ते सरिताला पाठ होतं. आधार सुटला तर पाऊल आत वळत जाईल, टाचेची शीर आखडेल, मग ऑपरेशनशिवाय इलाज नाही. आणि पोरगी आता अठराची. बळजबरीने पट्टे बांधायचं वय गेलं होतं.

नांदेडच्या प्लास्टिक बनवणाऱ्याने आता पायाचा ठसा प्लॅस्टरमध्ये घेणं सोडलं होतं. तो पाय स्कॅन करायचा आणि फाइलवरून साचा कोरायचा. सरिता भीत भीतच म्हणाली, “या बारीला फाइल मीच करू का?” तो म्हणाला, “करा ताई. माझ्याकडे रांग लागली आहे.”

स्कॅन आला. उघडला तर पडदा रिकामा. मागे चहाचा कप घेऊन बुद्धभूषण उभा होता, तिचा नवरा. वीज कंपनीत लाइनवर काम करून थकून आलेला.

“पोरीचा पाय कुठं गेला?”

“हा काय, ठिपका.”

“हा तर मुंगीलाही व्हायचा न्हाई.”

फाइलमध्ये नुसते आकडे असतात. ते मीटर की मिलिमीटर, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. स्कॅनर मीटरमध्ये बोलला होता, सॉफ्टवेअरने मिलिमीटर समजून घेतलं होतं. सरिताने एकक बदललं आणि पाय पडद्यावर उमटला. टाचेपासून अंगठ्यापर्यंतची लांबी तिने टेपने मोजलेल्या लांबीशी ताडून पाहिली. जुळली. पण अंगठ्याशेजारचं वाकडं बोट इतकं हुबेहूब होतं, की ती जरा वेळ माउस सोडून नुसती बसली.

पुढचं काम टॉलरन्सचं.

“ते म्हंजे नक्की काय गं?” बुद्धभूषणने विचारलं.

“किती चूक चालवून घ्यायची, त्याची हद्द.”

“मग तुझी लईच कमी आहे,” असं म्हणून तो कप घेऊन आत गेला.

मागची सेटिंग टाकीच्या कामाची होती, अर्ध्या मिलिमीटरची. टाकीला ती पुष्कळ झाली. स्कॅनमधले पायाच्या पृष्ठभागाचे तुकडे त्यात झटकन जुळले, पण घोट्याच्या हाडाचा उंचवटा गुळगुळीत होऊन गेला. म्हणजे पुन्हा तिथेच चावणार. हद्द एकदम खाली आणली, तर कडा जुळेनात. सगळीकडे बारीक भेगा, आणि कॉम्प्युटरचा पंखा धापा टाकायला लागला. ती थोडी थोडी वर घेत गेली. बघायची, मोडायची, पुन्हा बघायची. टाक्यांचं काम तसंच पडलेलं, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेलेल्या. शेवटी पॉइंट झिरो फाइव्हला भेगा मिटल्या आणि हाडही जागेवर राहिलं. तिची मान दगड झाली होती.

आकांक्षा केस पुसत मागून वाकली. “झालं? मम्मी, घोट्यापाशी सूतभर सैल कर. टाचेपर्यंत.”

“करते.”

सरिताने आकडा टाकला आणि फाइल पाठवून दिली.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नांदेडच्या एसटीने पार्सल आलं. आकांक्षाने पट्टे बांधले, उभी राहिली, दोन पावलं टाकली. टाच आत खळखळ हलली.

“मम्मी, यात पप्पाचाबी पाय बसंल!”

“तूच म्हणाली ना सूतभर सैल कर.”

“मग? किती केलं तू?”

“तीन पॉइंट दोन मिलिमीटर.”

“तीन? काहून तीन?”

“अगं, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेवढंच होतं.”

आकांक्षाने कपाळाला हात लावला. “मम्मी! सूतभर म्हंजे जरासं. इतकुसं. मी काय आबासारखं दार बसवून राहिले का?”

आतून बुद्धभूषण खो खो हसला. सरिताही हसली, पण हसता हसताच तिला उमगलं. हट्ट्याच्या भुशात शिकलेला शब्द तिच्या बोटांनी विचार न करता आकड्यात बदलला होता. इतकी काटेकोर हद्द लावून तिने चूक कुठून आत घेतली, तर पोरीच्या एका साध्या शब्दातून. नवं करायचं म्हणजे पुन्हा रांग. आणि उद्या कॉलेज.

“उद्या जुनंच घाल,” ती कशीबशी म्हणाली.

“ते चावतं.”

“मग?”

आकांक्षाने पिशवीतून जाड लोकरी मोजा काढला, पातळ मोज्यावर चढवला, प्लास्टिकमध्ये पाय घालून पट्टा ओढला. दारापर्यंत गेली, परत आली. मोजा काढला, दुसरा घातला. सरिताच्या ओठांवर दहा सूचना आल्या होत्या. त्या तिने गिळल्या.

दुसऱ्या दिवशी पोरगी लोकरी मोज्यावर नवं प्लास्टिक बांधून सकाळच्या गाडीने गेली. सरिताने टाकीची फाइल उघडली आणि दिवसभर तीच एक कड जोडत राहिली. डोळ्यांसमोर वसमतच्या स्टँडवर घसरलेला पाय येत होता. फोन करावासा वाटला, केला नाही.

संध्याकाळी आकांक्षा आली, दप्तर टाकलं आणि आपणहून पाय आईच्या मांडीवर ठेवला. सरिताने घोटा ट्यूबखाली फिरवला. मोज्याच्या विणीचे ठसे होते. वण नव्हता. तिने पुन्हा फिरवून पाहिला.

“उद्या घालशील?”

“घालीन. पण खटखट वाजतंय, वर्गातली पोरं मागं वळून बघतेत. अन् दुपारी घाम लई.”

“दुसरं करू. किती कमी करू, सांग.”

आकांक्षाने लोकरी मोजा हातात घेतला, सरिताच्या टेबलावरच्या जाडी मोजायच्या कॅलिपरमध्ये हलकेच धरला आणि आकडा वाचला. “दोन पदर मिळून तीन मिलिमीटर. पण पायाला एकच पदर लागतो, म्हंजे दीड. हा घातल्यावरबी हलतंय, म्हणून तेवढं तर कमी करच, वर अजून थोडं.”

“थोडं म्हणजे किती?”

पोरगी हसली. मग पाय खाली घेऊन प्लास्टिक पुन्हा बांधलं, टाच हलवून बघत बसली. “थांब,” ती म्हणाली, “नीट बघून सांगते.”

सरिताने फाइल उघडली, आकड्याची जागा रिकामी केली, आणि माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला.