सलीमचा बंधारा

सुतळीचा गुंडा हातात घेऊन मी बाजारात उभा होतो, तेव्हा सलीमच्या धाकट्या भावाचा फोन आला. "भाई सकाळी उठलेच नाहीत," तो म्हणाला. मी त्या बिचाऱ्यावर ओरडलो... आणि मग दुकानदाराकडे वळून, काही घडलंच नाही अशा आवाजात, अजून एक गुंडा मागितला. आदल्याच संध्याकाळी सलीमने बजावलं होतं, "एकात भागत नाही रे, कंजूषपणा करू नकोस." धडधाकट माणूस असा झोपेत जातो? कित्येक आठवडे झाले, मला अजून ते पटलेलं नाही.

आमच्या कॉलेजचं विद्यार्थी सेवा मंडळ आम्ही शिकायला यायच्याही आधीपासूनचं. सलीम मिरकरवाड्याचा, घरचा धंदा मासेमारीचा. मी शिक्षकाचा मुलगा. मंडळात दोघांनी मिळून घमेली उचलली, पुढे तिथेच शिकवायला लागलो आणि मंडळ त्याच्या गळ्यात पडलं. मी आपला शेपटासारखा मागे. पावसाळा सरला की पालीजवळच्या एका गावात मुलांना न्यायचं, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती भरायची आणि ती रचून वहाळाचं पाणी अडवायचं, हे दरवर्षीचं काम. कुणी पोत्याचं तोंड बुटाच्या नाडीसारखं बांधलं की सलीम भडकायचा. "पोतं काय शाळेत जाणार आहे? जाळ्याची गाठ मार!" मग स्वतःच मांडी घालून ती गाठ शिकवायला बसायचा.

दफनाला मंडळाची मुलं आली. कबरीवर माती देताना एकालाही रडू आवरेना. यंदा बंधारा राहू दे, असं सगळ्यांचंच म्हणणं पडलं. पण वहाळ काही दुखवटा पाळत नाही. थांबलो असतो तर अडवायला पाणीच उरलं नसतं. मी हट्टाला पेटलो. दरवर्षी आमचा बंधारा एका कडेने गळायचा, मी मुलांच्या नावाने शंख करायचो आणि सलीम गालातल्या गालात हसायचा. यंदा त्याच्या नावाचा बंधारा, थेंबभर गळता कामा नये! मुलांनी फटीफटीत चिखल लिंपला. खरंच एक थेंब गळला नाही. मला वाटलं, सलीमला शोभेलसं काहीतरी आपल्या हातून झालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही घमेली-फावडी आवरत होतो, तेवढ्यात खालच्या वाडीतली एक म्हातारी धापा टाकत वर आली.

"पानी आटला एकदम, तवाच मी बोलले, औंदा सर आले नाय वाटतं."

बंधाऱ्याच्या कडेला बोट दाखवून ती पुढे म्हणाली, "तुमी जेवायला गेलात का सर कडेचं एक पोतं वढून काढायचे. आमच्या वाडीला पानी नको काय?"

हातपाय धुऊन येतो म्हणून हा बाबा दरवर्षी मागे राहायचा... आणि माझ्या शिव्या मुलांनी खाल्ल्या! इतक्या वर्षांत मला, मला एका शब्दाने बोलला नाही. मला त्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्यावर रागावायचीही आता सोय राहिली नाही, हे तेव्हा कुठे मला कळलं.

मी कपड्यांनिशी पाण्यात उतरलो. दोन मुलं मदतीला आली. चिखलाने धरून ठेवलेलं पोतं महत्प्रयासाने निघालं आणि पाणी खाली धावलं.

म्हातारी खूश झाली. जाता जाता वळून म्हणाली, "सरांना सांगा हां, पानी सुटला म्हनून."

"सांगतो," मी म्हणालो.