सरांचं पत्रक

शब्दाला शब्द शोधण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असा मला तेव्हा माज होता. अकोल्याला माती तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी कंत्राटी सहायक. आमच्या सरांनीच ती उभी केलेली. तिची माहिती देणारं चार पानी पत्रकही त्यांनी स्वतः लिहिलं होतं, समोर बसून बोलल्यासारखं. ‘या जी, बसा, माती कुठली आणली?’ अशी सुरुवात. शेतकरी वाचता वाचता हसायचे आणि हसता हसता नमुना कसा काढायचा ते शिकून जायचे.

मागच्या उन्हाळ्यात सर गेले. सकाळी फोन आला, बस्स. महिन्याभरात नवे साहेब आले आणि त्यांनी ते पत्रक दोन बोटांत धरलं. म्हणाले, “ही संशोधनाची जागा आहे की पानठेला? आशय तोच ठेवा, शब्द बदला.”

माझं कंत्राट त्यांच्याच सहीनं वाढणार होतं, हे खरं. पण मला ते काम आवडलं, हेही तितकंच खरं, आणि त्याचीच आज लाज वाटते. ढेकळाचं मी ‘मृत्पिंड’ केलं, कुटण्याचं ‘चूर्णीकरण’, घमेल्याचं ‘पात्र’. शब्द नीट बसला की गालातल्या गालात हसायची. आमचे जुने परिचर भाऊ मागून वाचत होते. “बाई, हे वाचून माणूस माती घेऊन येईन, का भेऊन घरीच राहीन?”

“तुमाले काय समजते त्यातलं?” मी फटकन बोलले. बोलायला नको होतं.

बदल मी त्याच फाइलीत करत गेले. जुनी वेगळी ठेवायची अक्कल सुचली नाही. नवं पत्रक छापून आलं तसा जुन्याचा गठ्ठा रद्दीत गेला, आणि आमच्याकडे रद्दीचा उपयोग एकच. ओल्या मातीचे नमुने सावलीत वाळत घालायचे, तर खाली कागद पसरायचा. मीच माझ्या हातानं पसरले. आठवड्याभरात सगळे चिखलानं काळे होऊन फाटले.

मग काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, अमरावतीहून फोन आला. “पोरी, तुह्या घरी वलगावले येशीन तवा माह्याकडं त्यायचं पत्रक घेऊन येजो.” मी कपाटं उपसली, भाऊंच्या हातापाया पडले. एकही प्रत उरली नव्हती. शेवटी नवंच घेऊन गेले.

काकूंच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून मलाच वाचायला सांगितलं. “सगळं नको. माह्या चाळणीचं वाच. पहिल्या वर्षी तिथं चाळणीच नोती, तं हे माही कणकेची चाळणी उचलून घेऊन गेले. मी गंज भांडली, लय बोलली. मंग म्हणे, जाय, तुही चाळणी छापली म्या पत्रकात.”

ती जागा सापडली. मी वाचलं, “प्रारंभीच्या काळात नमुने चाळण्यासाठी पर्यायी साधनाचा अवलंब करण्यात आला.”

“मंग?”

“एवढंच आहे, काकू.”

मला रडूच फुटलं. सगळं सांगून टाकलं, मातीखाली पसरलेल्या कागदांसकट. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“जाऊ दे. तोंडानं सांग. कसं लिवलं होतं त्यायनं?”

चाळणी आठवत होती, वाक्य काही केल्या आठवेना. कितीदा वाचलं होतं मी ते, देवा! मग सरांच्या ढंगात एक जुळवलं. “‘आमच्या घरची चाळणी इथं आली जी, अन् तिकडं कणकेच्या पोयांचे वांधे झाले.’”

काकूंनी डोळे मिटून ऐकलं. मग मान हलवली.

“नाई पोरी. हे तुहं हाये. ते असे नसत बोलत.”