नानांचं मेडल मोठ्या मायच्या घरी आहे

काल माझे वडील गेले. आमचे नाना.

सकाळपासून मेसेज येतायत. युनिफॉर्ममधला, मेडल लावलेला फोटो पाठव म्हणून.

तसा फोटो नाही.
मेडलही आमच्या घरात नाही. ते साक्रीकडच्या एका गावात आहे, मोठ्या मायच्या घरी.

मोठी माय नानांची आई नव्हे. हिंमतकाकांची आई.

हिंमतकाकांना मी कधी पाहिलं नाही. ते गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

१९८६ साली नाना चाळीसगावहून आणि हिंमतकाका साक्रीहून, पॅराशूटच्या ट्रेनिंगला एकाच बॅचमध्ये पोचले. दूर उत्तरेत. बॅचमध्ये अहिराणी बोलणारे हे दोघंच. त्यामुळे जोडी लगेच जमली.

सुरुवातीला विमान लांबूनच बघायचं. आधी नुसतं पडायला शिकायचं. ओट्याएवढ्या उंचीवरून उडी, पाय जुळलेले, जमिनीला टेकताच अंग कुशीवर टाकून लोळायचं. दिवसभर तेच. संध्याकाळी दोघं एकमेकांची पाठ शेकून द्यायचे.

मग उंच टॉवर आला. वर गेल्यावर नानांनी कठडा धरून ठेवला. परत जातो म्हणाले. हिंमतकाका म्हणाले, तू गेलास तर मला पण यावं लागेल, आणि मला तर घरी जायचं नाही.

मग दोघांनीही उडी मारली.

विमानातून मारायच्या उड्या सुरू झाल्या. पहिल्या दोन नीट झाल्या. तिसरीच्या वेळी दारात हिंमतकाका पुढे, नाना त्यांच्या मागे. इंजिनाच्या आवाजात हिंमतकाका मागे वळून ओरडले,

"चाल, खाले भेटूत."

त्यांची छत्री पूर्ण उघडलीच नाही.

नानांची उघडली. छत्रीला लटकत खाली येताना त्यांनी सगळं पाहिलं. पुढचं त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही. तिथपर्यंत आले की उठून अंगणात जायचे.

दुसऱ्या दिवशी विमानात बसायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. नाना बसले. कोर्स पूर्ण केला. छातीवर पंखांचा बिल्ला लागला. आणि पहिल्या सुट्टीत ते चाळीसगावला न उतरता थेट साक्रीकडे गेले.

माय चुलीपुढे बसली होती. ती रडली नाही, असं नाना सांगायचे. तिने एवढंच विचारलं,

"मंग तू परत उडी मारी का?"

"मारी, माय."

"भ्याव वाटना नही का तुले?"

"वाटना."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "त्याले भी वाटना व्हई."

तेव्हा नानांनी तिला दारातलं ते वाक्य सांगितलं. आणि हिंमत हसत होता, हेही सांगितलं.

मग ती रडली.

तेव्हापासून दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नाना तिच्याकडे जायचे. हिंमतकाकांच्या नावाची घागर भरली जायची, तेव्हा नाना शेजारी बसलेले असायचे. लग्न झाल्यावर आईलाही न्यायला लागले. पुढे मलाही.

पण गावात काही लोक बोलायचे. पोरगा ट्रेनिंगमध्येच पडला, लढाईवर कुठे गेला. मायच्या कानावर ते यायचं. ती कुणाला उलटून बोलायची नाही. नानांना मात्र ते फार लागायचं.

नव्वदच्या दशकात नानांनी सरहद्दीवरच्या बर्फातल्या चौकीवर ड्यूटी केली. त्याबद्दल सेवा मेडल मिळालं. आईने देव्हाऱ्यापुढे ठेवायला पाटावर लाल कापड घालून ठेवलं होतं. नाना घरी आले ते मेडलशिवाय. वाटेत साक्रीकडे उतरून हिंमतकाकांच्या फोटोखाली लावून आले होते.

गावातली माणसं बघायला जमली होती. कुणीतरी विचारलं, हे कुणाचं? नाना म्हणाले, दोघांचं.

आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पुढच्या आखाजीला मात्र तिनेच मायकडे गेल्यावर ते उतरवून पुसलं आणि परत लावलं.

शेवटच्या आजारपणात मी नानांना विचारलं होतं, मेडल मागवून घेऊ का, नुसतं बघायला. नको म्हणाले. तिला भिंत रिकामी दिसेल.

काल दुपारी मोठी माय आली. पंच्याऐंशीच्या पुढची आहे, डोळ्यांनी फार दिसत नाही. लेकीच्या मुलाने गाडीतून मेहरूणला आमच्या घरापर्यंत आणलं. तिला धरून नानांपाशी बसवलं. तिने त्यांच्या कपाळावरून, गालावरून हात फिरवला. खूप वेळ.

कुणीतरी नवख्या बाईने हळूच विचारलं, आजी, तुम्ही यांच्या कोण?

माय म्हणाली, "मना दोन्ही पोरं गयात."

नाना, हिंमतकाका, तुम्हा दोघांना आमचा शेवटचा नमस्कार.