चार पाइपांचं इंजिन

बोरगावात बातमी उठली की बाबगोंडा आप्पांनी शेडात विमान बांधलंय आणि दिवाळीला बायकोला, ब्राह्मीआक्काला, त्यात बसवून श्रवणबेळगोळला नेणार. आक्कानं खिडकीजवळची जागा मागितली, इथवर लोकांची मजल गेली.

बातमी खोटी. विमान कुठलं? नुसतं इंजिन. फार पूर्वी दोन माणसांच्या हलक्या विमानाला लावायचे तसलं. हाताची बोटं फाकवावीत तसे मधल्या गड्ड्याभोवती पाच सिलिंडर, प्रत्येकाला धुराचा एकेक पाइप. आप्पांच्या वडिलांनी ते सांबऱ्याच्या विमानतळाकडच्या भंगारातून विहिरीवर बसवायला आणलेलं. त्यानं पाणी काढलं ओंजळभर आणि पेट्रोल प्यालं म्हशीगत. मग जे बंद पडलं ते पडलंच.

ते पुन्हा चालू करायला आप्पांनी उभा जन्म त्याच्यामागं घातला. सणाला आक्काला लुगडं आलं की इंजिनालाही काहीबाही यायचंच. "सवत माझी!" आक्का म्हणायची, आणि थंडीत आपलंच जुनं लुगडं त्याच्यावर पांघरायची.

आता आप्पांचे हात कापतात. म्हणून इंजिन बेळगावच्या एका कॉलेजला द्यायचं ठरलं. तिथं ते काचेमागं बसणार, पेट्रोलचा वाससुद्धा नाही. उद्या ट्रक येणार. आवाज ऐकायचा तर आजच.

इंजिन ट्रॉलीवर आवळलं. ते चालू करायला आप्पांनी पुढच्या पंख्याला हात घातला, तोच आक्का ओरडली, "ओ, थांबा की! खालच्या पाइपात कुंभारणीनं घर केलंय."

खरंच. धुराच्या पाइपात कुंभारीण माशीचं मातीचं घरटं, तोंड लिंपून बंद केलेलं.

शेजारचा गुंडू खिळा घेऊन सरसावला. "उकरून टाकू की, आप्पा."

"आत बाळं असतात रं," आप्पा म्हणाले. मुंगीला वळसा घालून जाणारा माणूस तो! गुंडूनं खिळा खिशात घातला.

मग आक्कानं पाना धरला, आप्पांनी जोर लावला आणि पाइप घरट्यासकट निघून आढ्याला टांगला गेला.

पंखा फिरवला. इंजिन खोकलं. पुन्हा फिरवला, पुन्हा खोकलं. आणि मग असं काही गरजलं म्हणता! उघड्या भोकातून जाळ निघाला, गुंडू थेट उसात. आक्काचा पदर फडफडत होता. आप्पा तिला काहीतरी सांगत होते. ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी आक्का डोळे पुसत "व्हय, व्हय" म्हणून मान हलवत होती.

दुसऱ्या दिवशी ट्रकाबरोबर कॉलेजचे उपेंद्र सर आले. त्यांनी इंजिनाभोवती दोन फेऱ्या मारल्या. "आप्पा, सिलिंडर पाच आणि पाइप चारच?"

आप्पांनी आढ्याकडं बोट केलं.

"आत बाळं हाईत, सर. ती उडून गेली की धाडतो. तुमच्या काचेतलं इंजिन काय आता उडायचं न्हाय, ती तरी उडू देत."