पांढऱ्या पावडरखालची आग

पुलगावच्या रस्त्यावर कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये मी बरेच हंगाम इलेक्ट्रिशियन होतो. तिथला फिटर माझा शेजारी. आम्ही दोघंही बोरगाव मेघेत राहायचो आणि एकाच मोटारसायकलवर कामाला जायचो. तो मागे बसून रस्ताभर बोलायचा. कापूस कमी आला, पोरीचं इंग्रजी कच्चं आहे, असंच काहीबाही.

शेडच्या भिंतींवर आग विझवायचे लाल सिलिंडर टांगलेले होते. वर्षातून एकदा एक माणूस यायचा, त्यांच्यावर नवी चिठ्ठी चिकटवायचा आणि जायचा. कोणता सिलिंडर कशासाठी, हे त्याने कधी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विजेच्या पॅनलजवळचा, तोंडाला काळा भोंगा असलेला सिलिंडर गॅसचा, विजेच्या आगीवर तोच मारायचा आणि पाणी मारायचं नाही, एवढं मला माझ्या कामामुळे ठाऊक होतं.

मार्चमधली दुपार होती. पॅनलमध्ये धूर झाला आणि बघता बघता आत जाळ दिसला. मी मेन स्विच पाडला आणि गॅस सोडला. पॅनल विझलं. सगळी यंत्रं थांबली होती, त्यामुळे शेडमध्ये एकदम शांत झालं. तेव्हाच सरकी काढलेल्या कापसाच्या, रुईच्या ढिगाजवळची एक बाई म्हणाली, "इकडे पेटली."

ठिणगी तिथवर उडाली होती. फिटरने माझ्या हातातला सिलिंडर घेतला आणि तिकडे धावला. पण गॅसच्या जोराने जळते पुंजके उडाले आणि एकाची तीन ठिकाणं झाली. मग आम्ही भिंतीवरचे पावडरचे सिलिंडर काढले. ढिगावर पांढरी पावडर बसली आणि ज्वाळा गेल्या. सगळ्यांना वाटलं, झालं.

पाण्याची टाकी काठोकाठ भरलेली होती. पण पाइपला पाणी ढकलणारी मोटर विजेवर चालायची आणि वीज बंद होती. बायांनी बादल्या भरायला घेतल्या.

फिटर फावडं घेऊन आला. "जळकी रुई वरच्या वर काढून घेतो. नाईतर सारा माल काळा पडन."

"थांब जरा. पाणी येऊ दे," मी म्हणालो.

"विझली नं आता," असं म्हणत तो ढिगावर चढलासुद्धा.

रुई आतून धुमसत होती. वरचा थर त्याच्या वजनाने खचला, तो कमरेपर्यंत आत गेला आणि हवा लागल्याबरोबर आग त्याच्याभोवती वर आली. आम्ही त्याला हाताला धरून ओढलं, त्याच्यावर बादल्या ओतल्या. पॅन्टचं कापड कातडीला चिकटलं होतं. तो ओरडत नव्हता. "माही चप्पल आतच राह्यली," एवढंच म्हणाला.

अग्निशामक गाडी आली. त्या लोकांनी ढीग उकरून उकरून संध्याकाळपर्यंत पाणी मारलं. फिटरला वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे तो काही दिवसच जगला.

त्याच्या मागचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे गेले, तेव्हा त्याच्या बायकोने मला थांबवलं. पोरगी आत झोपली होती.

"भाऊ, तिथं इतके डबे टांगून होते म्हणते सारे. मग आग काऊन नाई विझली?"

तोवर मी या सगळ्याची माहिती काढली होती. मी तिला सांगितलं. लाकूड, कापड, कापसाच्या आगीला पाणी. तेल-डिझेलला फेसाचा सिलिंडर, कारण फेस वर पसरून आगीची हवा तोडतो. विजेला गॅसचा. पावडर बहुतेक आगींवर चालते, पण ती वरवरची ज्वाळा मारते. आत मुरत नाही.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे पाणीच पाह्यजे होतं."

"हो."

"अन् पाणी तर होतं तिथं."

"होतं. पण मोटर बंद होती, वहिनी. पॅनल पेटलं तर लाइन तोडावीच लागते."

"हे सारं त्याईले कोणी सांगतलं होतं का?"

"कोणालेच नाई सांगतलं."

तिने लुगड्याचा पदर सारखा केला आणि माझ्यासाठी पाणी आणायला उठली. ते मला पिववलं नाही.

पुढच्या हंगामात जिनिंगमध्ये डिझेलवर चालणारा पंप बसला. एक प्रशिक्षकही आला. त्याने मैदानात पत्र्याच्या ट्रेमध्ये डिझेल पेटवलं, फेसाचा सिलिंडर उघडून विझवून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुईचा ढीग आतून कसा जळतो हे दाखवायला त्याच्याकडे काही नव्हतं. मी ते सांगावं म्हणून उठलो, पण जेवणाची सुट्टी झाली आणि सगळे पांगले.

तो हंगाम संपल्यावर मी काम सोडलं. आता नालवाडीत मोटर रिवाइंडिंग करतो. फिटरची बायको एका वसतिगृहात स्वयंपाकाला जाते. बाजारात दिसली की जय भीम म्हणते, पोरीचं सांगते. त्या दुपारबद्दल तिने पुन्हा काही विचारलं नाही. त्यांच्या घरी जाणं मात्र माझ्याकडून हळूहळू बंद झालं.