परळची बंद खिडकी आणि पांढरा हलवा

या, अशा इकडे सरकून बसा. आणि ते मागचं दार कोणी लावलं गं? थंडी वाजते म्हणे! गोधडी घ्या अंगावर, पण दार उघडा आधी. हसू नका. मुंबईहून आल्यापासून म्हातारीला हे काय खूळ लागलंय, असं तुम्ही माझ्यामागे बोलता ते मला कळतं. आधी ऐकून घ्या, मग काय ते बोला.

मार्गशीर्षात मी निघाले. धाकट्या बहिणीचा, कुसुमचा फोन आला होता. संक्रांतीच्या हलव्याचं काम वाढलंय आणि डोकं सारखं ठणकतंय, म्हणाली. आता कुसुम काही दुखण्याचं रडगाणं गाणारी नव्हे. तिचा गिरणीतला नवरा गेला, तेव्हासुद्धा फोनवर तिने मला आधी 'जेवलीस काय?' असं विचारलं होतं. म्हणून मी त्याच दिवशी निघायचं ठरवलं. पिशवीत कुळथाचं पीठ, आमसुलं आणि एक शाल कोंबली आणि गाडीत बसले.

सकाळी दादरला उतरले. स्टेशनबाहेर फुलवाल्या होत्या, शेवंतीचे ढीग होते, पण मान वर केली तर इमारती अर्ध्यावरच संपलेल्या. आपल्याकडे धुकं पडतं ते ओलं, त्याला गवताचा वास. हे कोरडं होतं. जिभेवर सिमेंटची चव येत होती.

टॅक्सीवाल्याला विचारलं, "धुकं पडलंय का हो?"

"धुकं कसलं आजी? धूळ न धूर. थंडीत वर जात नाय, बसतो आपल्याच डोक्यावर." सिग्नलला त्याने बोट दाखवलं. "तिथे टॉवर हाय. दिसतोय?"

"नाही हो."

"मला पण नाय. पण हाय."

का कोण जाणे, मला ते बोलणं आवडलं नाही. पदर तोंडाला धरून बसले.

परळची चाळ तुमच्यातल्या काहींनी पाहिली आहे. लांब गॅलरी, गॅलरीवर खोल्या. कुसुमच्या खोलीची मागची खिडकी पूर्वी गिरणीच्या आवारात उघडायची. आता तिथे टॉवर उठतोय. दिवसभर घरघर आणि पिठासारखी धूळ. खिडकीच्या फटीत कुसुमने जुन्या लुगड्याच्या चिंध्या ठासल्या होत्या. उंबऱ्यालाही ओलं पोतं. गॅलरीकडची खिडकीसुद्धा बंद. आत कोळशाची शेगडी, तिच्यावर पितळी परात आणि परातीत तीळ.

हलवा कसा करतात ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मंद निखाऱ्यावर तीळ, वरून चमचाचमचा साखरेचा पाक आणि बोटांनी सारखं हलवत राहायचं. एक थर वाळला की दुसरा. तास न् तास. मग हळूहळू त्या दाण्यांना काटा फुटतो. नव्या सुनांचे, तान्ह्या बाळांचे दागिने त्याचेच. बोटांची सालं निघतात हो!

"गॅसवर कर की," मी म्हटलं.

"गॅसची आच बोचता, अक्का. काटो येणा नाय." (काटा येत नाही.) "आणि खिडकी नको गो उघडू. धूळ येतली. एक काळो कण दिसलो तर गिरगावची दुकानवाली बाई माल परत करता."

तिचे गाल लालबुंद झाले होते. मला वाटलं, थंडी मानवली वाटतं हिला! चहा टाकायला उठली तर भिंत धरून उभी राहिली. साखर घातलेल्या चहात पुन्हा साखर घातली. माझ्या कपातला तो गोड चहा मी हळूच मोरीत ओतला.

शेजारच्या पवारकाकू म्हणाल्या, "हवाच वाईट आहे हो. टीव्हीवर रोज सांगतात, दारं-खिडक्या लावून घ्या." सगळ्या गॅलरीत खोकला होता, त्यामुळे कुसुमच्या डोकेदुखीचं कोणाला काही वाटेना. मला मात्र वाटायचं. दुपारपर्यंत माझंही डोकं जड व्हायचं. मी जपमाळ घेऊन गॅलरीत जाऊन बसायची, जरा बरं वाटायचं. ती आतच. रात्री शेगडी विझवलेली असायची, तरी मी उठून तिच्या नाकापाशी बोट धरायची. श्वास लागला की मग माझा श्वास सुटायचा.

एक दिवस तयार माल द्यायला आम्ही दोघी बसने गिरगावला गेलो. दुकानातली बाई गोड बोलणारी, पण डबा उघडून तिने हलवा खिडकीच्या उजेडात धरला आणि एकेक दाणा बघितला.

"कुसुमताई, शुभ्र हवा हं. लोक काळ्या साडीवर घालतात, डाग लगेच दिसतो."

तिथून चौपाटीवर गेलो. समुद्र होता, पण पलीकडचं काही दिसत नव्हतं. पाणी पुढे जाऊन राखेत शिरल्यासारखं. तरी वारा होता. भेळ खाल्ली. कुसुमने माझी पुरी पळवली आणि लहानपणासारखी खिदळली.

"डोकं?" मी विचारलं.

"खय दुखता? बरा वाटता माका. तू इलंस म्हणान." (तू आलीस म्हणून.)

मी खूश झाले. मी आले म्हणून! परत खोलीत गेलो, तिने शेगडी पेटवली आणि दिवे लागायच्या आत पुन्हा कपाळ दाबत बसली. उलटीही झाली. भेळेला नावं ठेवली आम्ही. पण भेळ मीही खाल्ली होती. मग मनात यायला लागलं, या खोलीतच काही आहे. काय आहे? वाईट वाटतं सांगायला, देवाला नारळसुद्धा बोलले मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लालबागला मसाला घ्यायला निघाले. कुसुम परातीपाशी बसली होती. "कडी लावू नको गं," मी म्हटलं. "वाऱ्यान दार उघडता," ती म्हणाली, आणि माझ्यामागे कडी लागल्याचा आवाज आला.

लालबागच्या दुकानात मिरच्यांच्या राशी, खकाणा, शिंका. माझ्यापुढे एक बाई ओवा न् बाळंतशेपा घेत होती. सुनेची पहिली वेळ, म्हणाली. बोलणं निघालं, मीही बोलत सुटले. आमच्या गावी बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवतात, ओव्याची धुरी देतात, आमची सुईण तर...

आणि मी बोलता बोलता थांबले.

आमची सुईण दार लावू द्यायची नाही. थंडी असो, पाऊस असो. कोणी दार ओढलं की आतून ओरडायची, "दार किलकिलं ठेवा, निखारा माणसाला झोपवतो!" आम्ही पोरी त्या ओरडण्याची नक्कल करायचो. कुसुम तर हुबेहूब करायची.

पिशवी तिथेच राहिली. टॅक्सी मिळेना. मी चालत सुटले, म्हणजे पळतच. छातीत ती कोरडी हवा भरत होती. समोरचा रस्ता दिसायचा, त्याच्यापुढचा नाही. टॅक्सीवाल्याचं बोलणं डोक्यात घुमत होतं. दिसत नाही, पण आहे.

दाराला कडी. "कुसुम! ए कुसुम!" आतून काही नाही. करपलेल्या साखरेचा वास येत होता, पोत्याच्या फटीतून. पवारकाकू धावत आल्या.

"अहो झोपली असेल..."

"ती परात टाकून झोपणारी आहे का? काच फोडा!"

काकूंनी वरवंटा आणला. त्या घाबरून हळूच मारत होत्या, मी तो हातातून ओढला आणि गॅलरीच्या खिडकीवर घातला. आत हात घालून दाराची कडी सरकवली. कोपरापर्यंत कापलं, ते नंतर कळलं.

कुसुम परातीशेजारी आडवी. बोटं अजून परातीच्या काठावर, आणि चेहरा गुलाबी, छान गुलाबी. देखण्या चेहऱ्याची एवढी भीती वाटेल असं कधी वाटलं नव्हतं. दोघींनी तिला पाय धरून गॅलरीत ओढलं. काकूंनी मागच्या चिंध्या उपसल्या. धूळ आत आली, येऊ दे. मी तिच्या नाकाशी बोट धरलं. काही लागेना. काहीच लागेना. मग एकदा लागलं.

जवळच्या हॉस्पिटलात नेलं. नळी लावली. डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "कोळशाच्या या वायूला वास नसतो, आजी. तुम्ही अजून मसाला घेत बसला असतात तर..." आणि नळी नीट करायला वळली. संध्याकाळी कुसुमने डोळे उघडले आणि म्हणाली, "पाक करपलो काय?" मी रडत रडत तिला एक चापट मारली.

त्यानंतर शेगडी गॅलरीत आली. पहाटेच्या गारव्यात कुसुम बाहेर बसायची, शेजारी मी. काटा असा फुटला की बोटाला टोचावा! पण धूळ ती धूळच. पांढऱ्या दाण्यात करडे कण दिसायचे. गिरगावच्या बाईने डबा उजेडात धरला, मान हलवली आणि परत दिला. कुसुम जिन्यात डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबत उभी राहिली. मला धास्ती वाटली, आता ही घरी जाऊन पुन्हा चिंध्या ठासणार.

"पुढच्या वर्षी बघू," एवढंच म्हणाली.

त्या 'बघू'ने माझी झोप नेली आहे. इथे आल्यापासून रोज सकाळी फोन करते. 'जेवलीस का?' असं नाही विचारत, खिडकी विचारते. "उघडी गो बाय," ती म्हणते. काल फोन उचलायला तिला उशीर झाला, तर मी पिशवी भरायला घेतली. नळावर गेली होती.

तो परत आलेला हलवा मी सगळा घेऊन आले. डब्यात आहे. करडा आहे, पण काटा बघाल तर बघत राहाल. अंधार पडला म्हणून आता घाईत उठलात तुम्ही, वाटायचा राहिला. संक्रांतीची वाट बघू नका, उद्या-परवाच या. हाका मारू नका, दार वाजवू नका. कडी काढलेलीच असेल, नुसतं ढकला.