बाईंसारखी रेघ

पहिलीच्या वर्गाच्या बाई पोरांना पेन्सिलीला हात लावू देत नाहीत, ही शाळेतली जुनीच तक्रार. पालक तावातावाने येत. "शेजारचं पोर नाव लिहायला लागलं आणि आमचं अजून माती मळतंय!" बाई शांतपणे म्हणत, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आधी बोटांत बळ येऊ दे, मग अक्षर येईल." आणि पुन्हा माती मळून घेत, मणी ओवून घेत, दोरीवर कपड्यांचे चिमटे लावून घेत. अर्धं वर्ष असं गेलं की मग एके दिवशी फळ्यावर पहिली उभी रेघ यायची. काय रेघ ती! एक गवंडी बाप एकदा दारातूनच म्हणाला होता, "बाई, माझी भिंतसुद्धा इतकी सरळ नसते हो." हे कौतुक बाईंना जन्मभर पुरलं.

लग्न केलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी मागची खोली होती, पण खरं घर म्हणजे तो वर्ग. आणि नेमका त्यांचा उजवा हात थरथरू लागला. आधी चहा बशीत सांडायला लागला. वहिनीने बरेच दिवस न पाहिल्यासारखं केलं आणि मग राहवेना तेव्हा म्हणाली, "ताई, डॉक्टरांना दाखवा ना." डॉक्टर भला माणूस होता, त्याने लपवलं नाही. गोळ्यांनी थोडं कमी होईल, जाणार नाही, पुढे वाढेल.

मुख्याध्यापिकेने वयाकडे बघून सहज विचारलं होतं, "आता ग्रंथालय सांभाळता का?" बाई नाही म्हणाल्या आणि हाताबद्दल अवाक्षर काढलं नाही. फळ्यावर लिहिताना डाव्या हाताने उजवं मनगट धरायचं, बाकी वेळ हात टेबलाखाली. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, पण माणूस टोपली शोधतोच. कुणी त्यांना नावं ठेवू नयेत. तो वर्ग तेवढा एकच होता त्यांच्याजवळ.

शिवाय वर्गात लोणी होती. हे नाव शिपाईमामांनी ठेवलेलं. पोरीची बोटं इतकी मऊ, इतकी ढिली, की तिला स्वतःचं बटण लागत नसे आणि हातातला खडू आपोआप गळून पडे. आईने तर हातच टेकले होते. बाईंनी मात्र मनाशी ठरवलं होतं, हिला एक रेघ आली की आपण आपणहून वर्ग सोडायचा. त्या मधल्या सुट्टीत तिला जवळ बसवून घेत आणि कागदाचे बोळे करायला लावत. "दाब गं, अजून दाब. बोळा रडला पाहिजे!" लोणी खिदळायची आणि दाबायची. हळूहळू चिमटे उघडायला लागले, मग बटणही लागलं.

शेवटी पेन्सिली वाटल्या. बाईंनी मनगट घट्ट धरून फळ्यावर रेघ काढली आणि बाकांमधून फिरायला लागल्या. पहिल्या वहीतली रेघ वाकडी होती. असू दे, पहिलाच दिवस. दुसरी वही वर्गातल्या सगळ्यात चलाख पोराची. तीही वाकडी. तिसरी पाहिली आणि त्या थबकल्या. मग पुढच्याही भराभर पाहिल्या. सगळ्या रेघा वर सरळ होत्या, मध्ये दोनदा शहारत होत्या आणि खाली डावीकडे घसरत होत्या. वीस पोरं एकाच जागी कशी चुकतील?

शेवटच्या बाकापाशी उभं राहून बाईंनी मान वर केली. जवळून कधी दिसली नव्हती, ती त्यांची फळ्यावरची रेघ इथून स्पष्ट दिसत होती. एकही पोर चुकलं नव्हतं.

"बाई, माझं बघा!" लोणी होती. तिच्या वहीत एक खोडलेली जागा होती. खोडलं तरी दाब कागदावर उमटलेला, वरपासून खालपर्यंत सरळसोट. शेजारी नवी रेघ, मध्ये दोनदा शहारलेली.

"आधी चुकली होती," ती आनंदाने सांगू लागली. "नुसतीच सरळ आली. मग मी खोडली. आता तुमच्यासारखी आली ना?"

सवयीने त्यांनी तिचा हात आपल्या हातात घेतला, ती खोडलेली रेघ पुन्हा गिरवून द्यायला. पेन्सिल कागदाला टेकली आणि थरथरली. लोणीने शहाण्यासारखी बोटं सैल सोडली आणि बाईंच्या हाताबरोबर आपलाही हात हलवू लागली.

बाईंनी हात सोडला.

"तू एकटी काढ, बाळा. पहिली काढली होतीस ना, तशीच. फळ्याकडे बघू नकोस. माझ्या हाताकडेही बघू नकोस."

लोणीने पेन्सिल उचलली, फळ्याकडे पाहिलं, चटकन नजर काढून घेतली आणि गोंधळून बाईंच्या तोंडाकडे पाहू लागली.

"मग कुणाचं बघून काढू?"